कान ठीक होते, खोली बिघडली होती

दानेश्वरीबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं मी दोन-तीनदा बोलून गेलो. शेवटी माझा मित्र तिप्पण्णा म्हणाला, "मग लिही की तूच. तुला कोण अडवलंय?" पाटबंधारे खात्यात कारकुनी करताना पत्रं पुष्कळ लिहिली, पण ती साहेबांच्या सहीनं जायची. हे माझ्या नावानं जाणार, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहितो.

दानेश्वरी ही आमच्या वीरभद्रप्पांची सून. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. घरात कन्नड, शाळा मराठी. तिनं टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि लग्नाच्या आधीपासून एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. टॉवेल धुवायचा, वाळवायचा, किती आखडला ते बघायचं, पाणी किती शोषतो ते बघायचं, रंग उतरतो का ते बघायचं, आणि मगच पास का नापास ते सांगायचं, हे तिचं काम. त्या कामानं तिला एक सवय लावली. कुठल्याही वस्तूवरून नुसता हात फिरवून 'छान आहे' म्हणणाऱ्या माणसावर तिचा विश्वास बसत नाही.

लग्न ठरवायला मंडळी गेली तेव्हा वीरभद्रप्पांनी सांगितलं, आमचा प्रभुलिंग शांत स्वभावाचा आहे. त्यावर ही मुलगी म्हणाली, "शांत म्हणजे रागवत नाही, का बोलतच नाही?" अप्पा अजून हे हसत हसत सांगतात. प्रभुलिंग तेव्हाही काही बोलला नव्हता. पण लग्न झालं आणि चांगलं झालं.

अप्पांचं शुक्रवार पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती आणि तिथं दर रविवारी सकाळी आमची बैठक भरायची. बैठक म्हणजे समोर गाणारं कुणी नाही. अप्पांकडच्या जुन्या शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डी, त्यांचा रेकॉर्ड प्लेअर, एक जड अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. ऐकायला आम्ही सात-आठ म्हातारे. खाली सतरंजी. पाठ भिंतीला टेकवून बसायचं, गाणं चालू असताना बोलायचं नाही, आणि कुणीही खुर्चीवर बसायचं नाही. गाणारा खाली बसून गातो, मग ऐकणाऱ्यानं त्याच्यापेक्षा उंच बसायचं नाही, असं अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेलं. गाणाऱ्या बाई रेकॉर्डमध्ये असल्या तरी नियम तोच. एकदा बँकेतले एक साहेब आले होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी खुर्ची मागितली. अप्पांनी लगेच खुर्ची दिली, पण ती दुकानाच्या दारात ठेवली. इथून ऐका म्हणाले, इथून पण छान ऐकू येतं.

दानेश्वरी या बैठकीत कधी बसली नाही. तिला गाण्यातलं फारसं कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. आम्हाला चहा आणून द्यायची आणि जायची. पण रविवारी घरात माणसं असतात, अप्पा सकाळी लवकर दाढी करून धोतर बदलून बसतात, हे तिला आवडायचं. रविवार नसेल त्या दिवशी अप्पा आंघोळीला उशीर करतात, हेही तिनंच कधीतरी मला सांगितलं होतं.

मग प्रभुलिंगनं विजापूर रोडला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. पेठेतली मागची खोली मालालाच पुरेना, म्हणून अप्पांचा सेट नव्या घराच्या हॉलमध्ये आला. हॉल मोठा आणि झकास. आरशासारखी फरशी, एका बाजूला काचेची सरकती दारं, वर पीओपी, मधोमध नवा सोफा. पहिल्या रविवारी आम्ही सगळे हौसेनं गेलो. अप्पांनी सुई ठेवली आणि डग्गा जो घुमायला लागला तो थांबेचना. तानपुऱ्याची नुसती गुरगुर. बाईंचा आवाज त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी. कुणी टाळी दिली की तीच टाळी काचेवर आपटून परत यायची.

बाहेर चपला घालताना तिप्पण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "गाणं कुटं हाय? मला तर पिठाची गिरणीच ऐकू आली." तिप्पण्णा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. तोंडाचा फटकळ, पण हे तो बाहेर बोलला. आत अप्पांनी विचारलं होतं, कसं वाटलं, तेव्हा त्यानंच सगळ्यात आधी मान डोलावली होती. आम्ही सगळ्यांनी डोलावली. नव्या घरात पहिल्यांदा गेलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

इथंच घोळ झाला. पुढे दर रविवारी माणसं कमी होत गेली. कुणाला नातवाची शाळा, कुणाला बीपी, कुणाला लांब पडतं. शेवटी मी आणि तिप्पण्णा उरलो. अप्पा दर वेळी विचारायचे, "तुम्हाला नीट ऐकू येतंय ना?" आम्ही दर वेळी म्हणायचो, व्हय, एकदम. त्यावरून त्या माणसानं सरळ हिशेब केला. सगळ्यांना नीट ऐकू येतंय, मला एकट्यालाच घुमल्यासारखं येतंय, म्हणजे माझेच कान गेले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं. कुंभारीला त्यांचा पुतण्या महेश्वर, त्यानं नवं घर बांधलंय. त्याला सेट आणि रेकॉर्डी देऊन टाकायच्या. ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे असू दे.

दानेश्वरीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बंद पेटीसारख्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवतात, ती सगळी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. घरी येऊन ती म्हणाली, "मामा, कान ठीक आहेत. खोली बिघडलीय."

"खोली कशी बिघडेल? नवी आहे की," अप्पा म्हणाले.

"नवी आहे म्हणूनच. थांबा, मोजून सांगते."

मग ती त्या मागेच लागली. कारखान्यातून आली की जेवणं उरकून लॅपटॉप घेऊन बसायची. तिनं मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. स्पीकरमधून आवाज निघतो तो सरळ आपल्या कानात येतो तेवढ्यावर भागत नाही. तो भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. खोलीची लांबी-रुंदी जशी असेल तसे काही खर्जाचे सूर फुगतात, काही गायब होतात. कुठले फुगले आणि कुठले गेले ते मोजता येतं. एक खास माईक लागतो. लॅपटॉपमधून एक ठरावीक आवाज स्पीकरला पाठवायचा, माईकनं तो परत ऐकायचा, आणि पाठवला काय आणि आला काय यातला फरक काढायचा. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी एक छोटी डबी जोडायची. खोली जे वाढवते ते ती डबी आधीच तेवढं कमी करून पाठवते, आणि खोली जे खाते ते वाढवून. म्हणजे खोलीची खोड खोलीवरच उलटवायची.

माईक आला तो पेन्सिलीएवढा. डबी साबणाच्या वडीएवढी. तिप्पण्णाला हे काही पटलं नाही.

"रेकॉर्ड ऐकायची अन् मधी कॉम्प्युटर? मग रेकॉर्ड तरी कशाला, मोबाईलच लाव की."

"काका, तुम्ही चष्मा लावून पेपर वाचता, तेव्हा पेपर बदलतो का?" दानेश्वरी म्हणाली.

"पेपर न्हाय बदलत. पण चष्मा वाकडा बसला तर गं?"

ती हसली. तिला ते बोलणं आवडलं असावं.

मोजणी झाली त्या दिवशी मी सहज गेलो होतो. पंखा बंद, फ्रिज बंद, दारं लावलेली. माईक एका उभ्या काठीला बांधून सोफ्यावर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर. माईकबरोबर आलेल्या माहितीत तसंच लिहिलं होतं, ऐकणारा बसतो तिथं त्याच्या कानाच्या उंचीला माईक ठेवा. मग तो आवाज सुरू झाला. खाली म्हैस हंबरल्यासारखा, मग चढत चढत वर, आणि शेवटी शिट्टी होऊन विरून गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, मोटर बिघडली का हो? लॅपटॉपवर एक रेघ उमटली, डोंगर आणि दऱ्यांची. दानेश्वरीनं एका सुळक्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "हा बघा काका तुमचा डग्गा." मला त्यातलं कळलं ते एवढंच, की जे आम्ही इतके दिवस तोंडातून काढत नव्हतो ते त्या यंत्रानं एका मिनिटात सांगून टाकलं होतं.

तिनं दुरुस्ती करून डबीत भरली. पुन्हा मोजलं, तर रेघ जवळपास सरळ. सोफ्यावर बसून तिनं आणि प्रभुलिंगनं एक रेकॉर्ड ऐकली. प्रभुलिंग म्हणाला, छान. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं या शब्दावर विश्वास ठेवला, कारण या वेळी रेघही छान होती.

रविवारी मी आणि तिप्पण्णा गेलो. दानेश्वरीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिनं चहा लवकर आणला, म्हणाली, आता ऐका, आणि लगबगीनं आत गेली. आम्ही सतरंजीवर बसलो, पाठी भिंतीला टेकवल्या. अप्पांनी सुई ठेवली.

खरं सांगतो, आधीपेक्षा वाईट होतं. डग्ग्याची थाप भिंतीतून निघून पाठीच्या कण्यात शिरत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता समोर बघत राहिलो. बाजू संपली. अप्पा म्हणाले, "तिप्पण्णा, फरक पडला?"

"पडला की. लई पडला," तिप्पण्णा म्हणाला.

आतून दानेश्वरी पदराला हात पुसत बाहेर आली होती. अप्पांनी तिच्याकडे बघून मान हलवली, चांगलं केलंस म्हणाले. आम्ही गेल्यावर त्यांनी महेश्वरला फोन करून सांगितलं, पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन ये.

हे दानेश्वरीला संध्याकाळी कळलं. तिनं डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. अप्पा म्हणाले, "डॉक्टरांनी शिट्ट्या ऐकवल्या, दानम्मा. गाणं कुठं ऐकवलं? तू केलंस ते बरोबरच असणार. ह्या दोघांना फरक कळला. मला नाही कळला." ते तिला लाडानं दानम्मा म्हणतात. त्या आठवड्यात तिनं पुन्हा पुन्हा मोजून बघितलं. रेघ सरळच्या सरळ. मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, रेघ सरळ आणि मामा नाराज. दोन्ही एकदम खरं कसं असेल?" मी म्हणालो, वय झालंय गं त्यांचं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते उत्तर नापास वाटलं हे मला कळलं.

तो शेवटचा रविवार ठरला होता. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. रेकॉर्डी खोक्यांत भरून दारापाशी ठेवल्या होत्या, एकच बाहेर काढलेली, शुद्ध सारंगाची. दुपारी महेश्वर येणार होता. आम्ही नेहमीच्या जागी बसलो आणि बाईंनी आलाप सुरू केला. तेवढ्यात दानेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली. एरवी ती गाणं सुरू व्हायच्या आधी चहा देते, त्या दिवशी उशीर झाला होता. ट्रे खाली ठेवायला ती वाकली आणि वाकलेलीच थांबली.

मग ती सरळ उभी राहिली. पुन्हा वाकली. पुन्हा उभी राहिली. एखाद्याला उठाबशांची शिक्षा द्यावी तसं चाललं होतं. कप किणकिणत होते. ट्रे ठेवून ती गुडघ्यांवर रांगत भिंतीपर्यंत आली आणि सासऱ्यांच्या डोक्याशेजारी आपलं डोकं भिंतीला टेकवलं. अप्पा दचकून बाजूला सरकले. दोन क्षण ऐकून ती उठली, प्लेअरपाशी गेली आणि तिनं सुई उचलली.

आलाप चालू असताना अप्पांच्या बैठकीत कुणी सुई उचललेली मी कधी बघितली नव्हती.

"मागच्या रविवारी पण असंच घुमत होतं?" तिनं विचारलं.

तिप्पण्णानं ट्रेमधला कप उचलला.

"तिप्पण्णाकाका?"

"असंच म्हणजे... जरा जास्तीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी खटपट केलीस पोरी. सुनेच्या तोंडावर कसं बोलायचं?"

अप्पा हळूच तिप्पण्णाकडे वळले. "म्हणजे तुला पण घुमतंय?"

"अप्पा, पहिल्या दिवसापासनं घुमतंय की."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणावा का सुटका, मला सांगता येणार नाही. ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले आणि दानेश्वरी खुदकन हसली. मागाहून मी तिला अर्थ विचारला. ह्या दोघांपेक्षा बहिरे सोबती परवडले, असं म्हणाले होते.

मग तिनं सतरंजीवर आमच्यासमोर बसून चूक काय झाली ते सांगितलं. माईक सोफ्यावर होता. सोफा हॉलच्या मधोमध. नेमक्या त्या जागी एक खर्जाचा सूर कमी पडत होता, म्हणून यंत्रानं तो वाढवला. पण तोच सूर भिंतीशी आधीच जास्त होता. भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याला तो वाढलेला आणखी वाढून ऐकू आला. "दुकानात ट्यूबखाली जुळवलेला रंग उन्हात वेगळा दिसतो, तसं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उन्हात वापरणार असेल तर उन्हातच जुळवायला पाहिजे. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते. आणि इथं मी रिकाम्या सोफ्याला गाणं ऐकवलं."

"मग आमीच बसतो की सोफ्यावर," तिप्पण्णा म्हणाला.

अप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"कुणी सोफ्यावर बसायचं नाही," दानेश्वरी म्हणाली. "माईक खाली येईल." आणि मग एकदम तिनं विचारलं, "मामा, पेठेतल्या खोलीत भिंतींना काय होतं?"

"काही नव्हतं. भिंती होत्या."

"भिंतीला लागून?"

"गाठोडी. चादरींची."

"किती?"

"छतापर्यंत. दोन्ही बाजूंना."

तिनं हॉलच्या उघड्या भिंतींवरून नजर फिरवली. म्हणाली, "मामा, इतकी वर्षं ती गाठोडीच तुमची बैठक सांभाळत होती." डबी घुमणं कमी करू शकते, पण काचेवरून परत येणारी टाळी ती थांबवू शकत नाही. ते कापडाचं काम. तिनं दुकानात फोन लावला. प्रभुलिंग माल मोजत होता. त्याला सांगितलं, असाल तसे या आणि गाडीत मावतील तेवढी गाठोडी आणा. तो आला, गाठोडी उतरवली, कोपऱ्यांत आणि काचेच्या दारांपुढे एकावर एक रचली, आणि घाम पुसत त्यानं त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"पाहुणे आले तर काय म्हणतील?"

"म्हणतील, चादरीवाल्यांचं घर आहे," दानेश्वरी म्हणाली.

आमच्या पाठीमागे तिनं जाड लोड ठेवले, म्हणजे डोकी भिंतीपासून हातभर पुढे आली. मग मोजणी. या वेळी तिला खोली रिकामी नको होती. माणसाचं अंगही आवाज शोषतं, म्हणून तुम्ही बसता तसेच बसा म्हणाली. काठीचा माईक अप्पांच्या कानापाशी, मग तिप्पण्णाच्या, मग माझ्या. प्रत्येक वेळी ती म्हैस हंबरायची आणि शिट्टी होईपर्यंत आम्ही दगडासारखे बसायचो. तिप्पण्णाला नेमका शिट्टीच्या वेळी खोकला आला. पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यानं श्वास इतका धरला की डोळे मोठे झाले, ते बघून मला हसू आलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं आणि दाराची बेल वाजली. महेश्वर आला होता.

तो बिचारा पांढऱ्या कपड्यांत, हातात टेम्पोची किल्ली. दानेश्वरीनं त्याला ओठावर बोट ठेवून आत घेतलं, खाली बसायला लावलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. गाठोड्यांनी भरलेला हॉल, भिंतीशी तीन म्हातारे श्वास रोखून, मधे काठी. त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. पण तो बसला.

लॅपटॉपवर रेघ आली, दुरुस्ती झाली, डबीत गेली. मी रेघ बघायला मान पुढे केली, तर तिनं लॅपटॉप मिटला. "रेघ बघायची नाही. आता तुम्ही सांगायचं. आणि खरं सांगायचं. कुणी छान म्हणालं तर मी परत पहिल्यापासून मोजीन."

अप्पांनी सुई ठेवली. तानपुरा आला. त्याच्या चार तारा चार ठिकाणी ऐकू येत होत्या. बाईंनी श्वास घेतला तो ऐकू आला, मग षड्ज लागला. डग्ग्यावर थाप पडली आणि पडून थांबली. थाप कुठं थांबते हेच आम्ही इतक्या महिन्यांत विसरून गेलो होतो. मी अप्पांकडे एकदाच बघितलं आणि नजर वळवली, कारण त्यांनी डोळे मिटले होते आणि अशा वेळी माणसाकडे बघू नये.

मध्येच तिप्पण्णानं घसा खाकरला. बोलायचं नाही हा नियम, तरी तो बोललाच. "दानेश्वरी, रागावू नको. माझ्या डाव्या बाजूला अजून जरा जड वाटतंय."

मला वाटलं, झालं, आता ही चिडणार. पण ती अशी खूश झाली, जणू त्यानं तिला साडी दिली. लगेच उठून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, ऐकलं, म्हणाली, "बरोबर आहे काका," आणि लॅपटॉप उघडून त्या सुराला अगदी थोडं खाली दाबलं. "आता?"

"आता बरं हाय."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे जड न्हाय."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

बाजू संपली. सुई आत जाऊन खरखरत फिरत राहिली तरी अप्पांनी डोळे उघडले नाहीत. महेश्वरनं चुळबुळ केली आणि शेवटी हळूच म्हणाला, "काका, टेम्पो दारात उभा हाय. कसं करायचं?"

अप्पा उठले. त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड हातात घेऊन तळहातांच्या कडांनी उलटी केली. नव्या घरात आल्यापासून त्यांनी एका बैठकीत दुसरी बाजू कधी लावलीच नव्हती.

"टेम्पो मोकळा कशाला नेतोस?" ते म्हणाले. "सोफा घेऊन जा."

प्रभुलिंगनं तोंड उघडलं आणि मिटलं. महेश्वरला ही थट्टा वाटली, त्यानं दानेश्वरीकडे बघितलं. ती सोफ्याकडे बघत होती, कारखान्यात एखाद्या गठ्ठ्याकडे बघत असेल तशी.

"मामा, सोफा पण आवाज शोषतो," ती म्हणाली. "तो गेला की खोली बदलणार. परत सगळं मोजावं लागेल."

"मोज की," अप्पा म्हणाले आणि त्यांनी सुई ठेवली.

दुसरी बाजू संपेपर्यंत महेश्वर बसला, मग त्यानं आणि प्रभुलिंगनं सोफा उचलून टेम्पोत घातला. रेकॉर्डींची खोकी आम्ही दारापासून परत आत नेली. संध्याकाळी तिप्पण्णानं जुन्या मंडळींना एकेकाला फोन केला. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण शिव्याही दिल्या असाव्यात. पुढच्या रविवारी दानेश्वरीनं पुन्हा माईक बांधला, तेव्हा श्वास धरून बसायला आम्ही सहा जण होतो.